किल्लारीनंतरची उभारी

आघातातून सावरण्याच्या क्षमतेसाठी मराठीत अनेकदा 'लवचीकता' हा शब्द वापरला जातो. परंतु वाकवलेली छडी सोडताच पुन्हा सरळ होते, तसा आघात सोसलेला माणूस पूर्ववत होत नाही, आणि म्हणून बोलीतला 'उभारी' हा शब्द येथे अधिक नेमका ठरतो. झालेले नुकसान भरून आलेले नसतानाही काम, नाती आणि निर्णय यांत पुन्हा भाग घेण्याचे बळ, असा तिचा अर्थ सांगता येईल. हे बळ ज्याच्या त्याच्या स्वभावातच असते किंवा नसते, हा समज मात्र तपासून पाहण्याजोगा आहे. मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी हवाईमधील कौआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांच्या वाढीचा काही दशके मागोवा घेतला, तेव्हा दारिद्र्य आणि कौटुंबिक कलह यांत वाढूनही जी मुले नीट उभी राहिली, त्यांच्या आयुष्यात जिव्हाळ्याने पाठीशी राहणारे निदान एक वडीलधारे माणूस होते, असे त्यांना आढळले.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा विचार करताना ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपाशी यावेच लागते. गणेशविसर्जन आटोपून गावे झोपली असताना, चारच्या सुमारास, लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत, किल्लारी गावाच्या परिसरात, भूकंप झाला आणि जवळपास आठ हजार माणसे दगावली. एवढ्या जीवितहानीला घरांची रचना बऱ्याच अंशी कारणीभूत होती: दगड-मातीच्या रुंद भिंती आणि त्यांवर मातीचा जाड थर असलेले माळवद, म्हणजे सपाट धाबे. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच ओझे झोपलेल्यांवर कोसळले.

पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. घराचे क्षेत्रफळ कुटुंबाच्या शेतजमिनीवरून ठरले आणि सारख्या आकाराची घरे एकत्र बांधली गेल्याने पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजार अनेक ठिकाणी विखुरले. सरळ रस्त्यांच्या त्या आखीव वसाहतींत छप्पर मिळाले, हे मोलाचेच होते. परंतु ओसरीवरची बैठक, भावकीची हाक आणि शेताची जवळीक तुटली, आणि दुःख वाटून घेण्याच्या नेमक्या याच जागा होत्या. घरे बांधून झाली म्हणजे गाव सावरले, असे मानणे ही मोठी चूक होती.

जी गावे हलवली गेली नाहीत, तेथील दुरुस्तीचा अनुभव वेगळा आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या या कार्यक्रमात घरमालकांनी स्वतः काम करून घ्यावे असे ठरले, आणि प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या स्त्रियांना 'संवाद सहायक' म्हणून नेमण्यात आले. शासन आणि कुटुंबे यांच्यामध्ये दुवा होणे हे त्यांचे काम होते. माळवदावरची माती कमी का करावी, भिंतीच्या दोन्ही तोंडांना सांधणारे लांब दगड कोठे बसवावेत, अनुदानाचा हप्ता केव्हा मिळतो, हे त्या स्वतः शिकल्या आणि घरोघरी सांगू लागल्या. ज्या भिंतींनी माणसे गिळली, त्याच भिंती सुरक्षित कशा होतात हे हाताने करून पाहिल्यावर भीतीची जागा जाणतेपणाने घेतली, आणि एरवी चार पुरुषांत न बोलणाऱ्या स्त्रिया अधिकाऱ्यांसमोर हिशेब मांडू लागल्या. सांत्वनाची गरज होतीच. पण आपल्या घराचा निर्णय आपल्या हाती असणे, हे त्याहून अधिक बळ देणारे ठरले.

मुलांच्या बाबतीत सामाजिक कार्यकर्ते शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्यात आणली गेली. एका रात्रीत घर गमावलेल्या मुलांना शाळेची घंटा, सोबती आणि रोज विचारपूस करणारे वडीलधारे मिळणे म्हणजे काय, हे वर्नर यांच्या निष्कर्षांवरून उमजते.

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या याच खेड्यांतील स्त्रिया गुजरातेत गेल्या आणि तेथील स्त्रियांना घर पुन्हा कसे उभारावे हे त्यांनी समजावून सांगितले.