सात किलोंतली औषधं

क्रांती चौकातून जालना रोडने सरळ निघालं की चिकलठाण्याचा विमानतळ. तिथे तपासणीत औषधांची पिशवी अडणार की सुटणार, हे बरंचसं चौकाजवळच्या मेडिकलच्या काउंटरवरच ठरतं. दुपारी गिऱ्हाईक पांगल्यावर मी तिथे स्टूल टाकून बसलो होतो. समोर एक काकू. लेकीकडे दुबईला निघालेल्या, मुंबईमार्गे, दोन महिन्यांसाठी. बीपी, शुगर, थायरॉइड, शिवाय रात्रीचं इन्सुलिन.

मालकांनी फाईल न उघडता आधी पासपोर्ट मागितला. चिठ्ठीवर नुसतं आद्याक्षर आणि आडनाव, पासपोर्टवर नवऱ्याच्या नावासकट पूर्ण नाव. "डॉक्टरांकडून लेटरहेडवर नवीन लिहून आणा काकू. औषधाचं मूळ नाव, डोस, सही-शिक्का. आपल्याकडचा ब्रँड तिकडे कोण ओळखणार?"

एरवी या काउंटरवर कात्री सतत चालू असते. "चारच गोळ्या द्या" म्हटलं की कच्चकन स्ट्रिप कापायची. पण बॅच नंबर आणि एक्स्पायरी छापलेली असते एका टोकाला. ते टोक दुसऱ्याच गिऱ्हाइकाबरोबर गेलं की हातात उरतात निनावी गोळ्या. म्हणून आज सगळ्या स्ट्रिपा अख्ख्या, खोक्यासकट, आणि पक्कं बिल. वार लिहिलेली प्लास्टिकची डबी काकूंनी हौसेने काढली. ती तिकडे पोचल्यावर भरा, म्हणाले.

"आणि सिरप? शंभर मिलीच्या वर चालत नाही ना?" 2006 च्या ऑगस्टमध्ये लंडनहून निघणारी विमानं द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीला आला, तेव्हापासून हे शंभर मिली आपल्या मागे लागलेत. प्रवासात लागणाऱ्या औषधाला त्यातून सूट आहे. मात्र बाटली वेगळी काढून, चिठ्ठीसकट आपणहून दाखवायची. तळाशी साडीत गुंडाळून ठेवली की बॅग उघडलीच म्हणून समजा. खोकल्याच्या सिरपमध्ये कोडीन असेल किंवा दुखण्याची गोळी ट्रॅमाडॉलची असेल, तर गोष्ट वेगळी. अमिरातीत त्यासाठी आधी सरकारी परवानगी काढावी लागते. काकूंचं सिरप साधंच निघालं.

खरा वेळ गेला इन्सुलिनवर. न उघडलेली पेनं 2 ते 8 अंशांत ठेवायची, वापरातलं पेन साधारण चार आठवडे 30 अंशांच्या आत. मोठ्या बॅगेत टाकलं तर विमानाच्या पोटात गोठण्याची भीती, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन नंतर पाण्यासारखं स्वच्छ दिसलं तरी फेकूनच द्यायचं. म्हणून ते हातसामानातच, सुया आणि चिठ्ठी त्याच पाउचमध्ये. माझ्या मते मात्र आपल्याकडे विमानापेक्षा टॅक्सीची डिकी जास्त घातक. मे महिन्यात इथून मुंबईपर्यंत डिकीत भाजलेलं इन्सुलिन कुठलाही सुरक्षारक्षक अडवत नाही, आणि मग दुबईत शुगर का उतरत नाही म्हणून घरदार चिंतेत. मालकांनी पाउचमध्ये गार जेलचं पाकीट घातलं, पण पेनं आधी रुमालात गुंडाळून. पेन थेट बर्फाला टेकलं तरी गोठतंच.

हातसामानाच्या सात किलोंत हे सगळं बसतं. अडचण वेगळीच: वरचे कप्पे भरले की हातातली बॅगही दारातच काढून घेतात आणि खाली टाकतात. अशा वेळी पाउच चटकन हातात आलं पाहिजे. काकूंनी ते पर्समध्ये अडकवून बघितलं. अडकलं.

पैसे देता देता त्या म्हणाल्या, अधिक महिना आहे, जावयासाठी अनारसे नेतेय.

मालकांचा हात कॅल्क्युलेटरवर थांबला. "खसखस लावलीय?"

"म्हणजे? अनारशाला खसखस नको?"

"तिथे खसखशीवर बंदी आहे काकू. अफूचंच बी ते. तुमच्या गोळ्या सुटतील आणि अनारशात अडकाल."

काकूंनी तिथूनच घरी फोन लावला. पीठ भिजलेलं होतं, तळायचं बाकी होतं.