कोबोल्डला खवले कसे आले?

एक चित्र डोळ्यांसमोर आणा. डोके वाघाचे, धड माणसाचे. अंगावर श्रीमंती झगा आणि तोंडाशी ओढायचा पाइप. ओळखा पाहू हा कोण? सर्कशीतला विदूषक? छे! हा आहे राक्षस. रामायण-महाभारतातला, तुमच्या आजीच्या गोष्टींतला. निदान चित्राखाली नाव तरी तेच छापले आहे.

हे चित्र १९७७ साली अमेरिकेत निघालेल्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ ह्या पुस्तकातले. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्या दोघांनी १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा एक खेळ काढला होता. कागद, पेन्सिल आणि फासे एवढेच त्याचे साहित्य. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतले वीर होतात. अंधाऱ्या तळघरांत शिरायचे, वाटेत भेटणाऱ्या विचित्र प्राण्यांशी झुंजायचे आणि झुंजीचा निकाल फाशांवर ठरवायचा. मॉन्स्टर मॅन्युअल म्हणजे अशा प्राण्यांची यादीच. आज संगणकावर आणि मोबाइलवर असे जे असंख्य खेळ खेळतात, त्यांतल्या पुष्कळांचे मूळ ह्या कागदी खेळात आहे.

आता त्यात आपला राक्षस कसा शिरला? रामायण वाचून नव्हे. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या दूरदर्शनवर एका भयकथेच्या मालिकेत राक्षस दाखवला होता. शिकागो शहरात तो माणसे खातो आणि ज्याला खायचे त्याच्यापुढे त्याच्या विश्वासातल्या माणसाचे रूप घेऊन येतो. मंत्रून पवित्र केलेल्या बाणानेच तो मरतो. गायगॅक्सने हे सारे खेळात घेतले. त्यातला रूपपालटाचा भाग आपल्या ओळखीचा आहे. मारीच सोन्याचा मृग झाला, रावण संन्यासी होऊन आला. वाघाचे डोके मात्र नवे. पुढच्या आवृत्त्यांत तर राक्षसाचे तळहातही उलटे झाले. आपल्याकडे उलटी पावले असतात ती भुताची, आणि राक्षस म्हणजे भूत नव्हे, हे पहिलीतले पोरही सांगेल.

राक्षस आपला, म्हणून हा बदल आपल्या चटकन ध्यानात आला. पण त्याच पुस्तकात इतर देशांतल्या लोककथांतलेही पुष्कळ प्राणी आहेत. त्यांची घरची माणसे ते चित्र पाहून अशीच चकित होत असतील! त्यांतला एक आपण नीट पाहू या, कारण त्याचा रसायनशास्त्राशी जवळचा संबंध आहे. तो म्हणजे जर्मनीचा कोबोल्ड.

जुन्या जर्मन कथांत कोबोल्ड हा घरात राहणारा अदृश्य बुटका. रात्री सगळे झोपले की तो झाडलोट करतो, घोड्यांना चारा घालतो. त्याच्यासाठी रोज थोडे अन्न बाजूला काढून ठेवायचे. ते विसरलात, किंवा त्याची थट्टा केलीत, की भांडी फुटलीच म्हणून समजा. कोकणात आणि गोव्यात राखणदाराला किंवा देवचाराला त्याचा मान देतात ना, तसाच हा प्रकार. अशा प्राण्याला ठार मारायचा विचार कोणी करीत नाही. त्याला सांभाळून राहायचे असते. तो दिसतो कसा, ह्यालाही फार महत्त्व नसते. कुठे तो लहान मुलासारखा, कुठे मांजरासारखा, तर कुठे नुसताच आवाज.

हाच कोबोल्ड खाणीतही राहत असे. जर्मनीच्या पूर्व सीमेवर एर्त्सगेबिर्ग नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. पंधराव्या-सोळाव्या शतकांत तिथे चांदीच्या मोठ्या खाणी होत्या. खाणकामगारांना कधी कधी चांदीच्या धातुकासारखे दिसणारे जड, चकचकीत दगड मिळत. ते मोठ्या आशेने भट्टीत घालावेत, तर चांदीचा कण नाही! उलट लसणासारखा वास मारणारा विषारी धूर निघे आणि भट्टीवरची माणसे आजारी पडत. कामगार म्हणत, ‘कोबोल्डने चांदी चोरली आणि हा दगड ठेवला.’ त्या दगडालाच ते कोबोल्ड म्हणू लागले.

आज आपल्याला ह्या चोरीचा उलगडा झाला आहे. त्या दगडात एक अज्ञात धातू, आर्सेनिक आणि बहुधा गंधक ह्यांचे संयुग होते. तो भाजला की आर्सेनिकचा ऑक्सिजनशी संयोग होऊन आपण ज्याला सोमल म्हणतो ते जहाल विष धुरातून बाहेर पडे. उरलेल्या राखेचा एक गुण मात्र लोकांना ठाऊक झाला होता. ती काचेत मिसळली की काच गर्द निळी होई. हा निळा रंग बिस्मथचा, असा समज होता. १७३५ च्या सुमारास गेओर्ग ब्रांट ह्या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने तो एका वेगळ्याच धातूमुळे येतो हे दाखवून दिले. त्या धातूचे नाव कोबाल्ट. आवर्त सारणीतल्या सत्ताविसाव्या घरात हा जर्मन बुटका असा कायमचा जाऊन बसला. शेजारच्या अठ्ठाविसाव्या घरातले निकेलही असेच एका खट्याळ भुताच्या नावावरून आले आहे.

गेओर्ग आग्रिकोला हा ह्याच प्रदेशातल्या खाणगावचा डॉक्टर. त्याचा खाणकामावरचा प्रसिद्ध ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १५५६ साली निघाला. खाणीतल्या भुतांवर त्याचा विश्वास होता आणि त्यांना घालवायला प्रार्थना व उपवास हा उपायही त्याने लिहून ठेवला आहे. हसू नका! त्याच पुस्तकात तो सांगतो, की ह्या दगडाने ओले हातपाय खाल्ले जातात, म्हणून कातडी बूट आणि कोपरापर्यंत मोजे घाला, धूळ आत जाऊ नये म्हणून तोंडावर सैल कापड बांधा. कार्पेथियन डोंगरांतल्या खाणींजवळ एकेका बाईचे सात-सात नवरे छातीच्या रोगाने गेल्याचेही त्याने नोंदवले आहे. एर्त्सगेबिर्गातल्या श्नेबेर्ग गावचे खाणकामगार फुप्फुसातल्या घातक गाठींनी मरतात, हे हेर्टिंग आणि हेसे ह्या डॉक्टरांनी १८७९ साली दाखवले. त्याचे मुख्य कारण खडकांतून निघणारा किरणोत्सर्गी रेडॉन वायू, हे त्याहूनही पुष्कळ उशिरा कळले. कोबोल्डच्या गोष्टीमागे एवढी खरी भीती होती.

आता पुन्हा खेळाकडे वळू. फाशांच्या खेळात ‘कधी दिसतो, कधी दिसत नाही’ असले चालत नाही. प्राणी किती उंच? किती घाव सोसतो? एका वेळी किती भेटतात? सगळ्याला आकडा हवा. म्हणून त्या पुस्तकात कोबोल्डची माहिती एखाद्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकात द्यावी तशी दिली आहे. उंची तीन फूट. घाव सोसण्याची शक्ती फक्त एक ते चार गुण, म्हणजे तलवारीच्या एका फटक्यात आडवा. राहतो टोळीने, जमिनीखाली. सूर्यप्रकाश आवडत नाही. नवशिक्या खेळाडूला आधी कोणीतरी दुबळा शत्रू हवाच असतो, ते काम ह्याच्याकडे आले. घर गेले, वाटीतले अन्न गेले, चांदीची चोरीही गेली. खाणीतून उरला तो नुसता अंधार.

आकड्यांबरोबर चित्रही लागते. १९७७ च्या पुस्तकात चित्रकाराने कोबोल्डला अंगावर खवले, डोक्यावर लहान शिंगे आणि कुत्र्यासारखे तोंड दिले. पुढे गंमत झाली. १९८० नंतर हे खेळ जपानात पोहोचले. तिथल्या लोकांनी कुत्र्याचे तोंड उचलले आणि खवले सोडून दिले, म्हणून जपानी खेळांतला कोबोल्ड हा केसाळ, कुत्र्याच्या डोक्याचा माणूस. अमेरिकेत उलटे झाले. २००० साली निघालेल्या नव्या आवृत्तीत कुत्रा गळाला आणि खवले राहिले. तिथला कोबोल्ड पालीसारखा दिसतो आणि ड्रॅगनांशी आपले नाते सांगतो.

एकाच जातीचे थोडे जीव दूरच्या बेटावर जाऊन पडले, की पिढ्यान् पिढ्या मूळ जातीपासून निराळे होत जातात, हे तुम्ही जीवशास्त्रात वाचले असेल. इथे तसेच काहीसे घडले, पण फरकही आहे. जीवसृष्टीत असे व्हायला बहुधा हजारो वर्षे लागतात. इथे पंचवीस वर्षे पुरली, कारण नक्कल करणारा माणूस होता आणि त्याने मूळ जर्मन कथा नव्हे, तर आधीचे चित्र पाहिले होते. राक्षसाचेही तेच. वाघाचे डोके एकदा छापले गेले, की पुढचा चित्रकार वाघच काढतो. वाल्मीकी उघडून पाहायला कोण जातो?

कोबाल्टची गोष्ट मात्र खाणीतच चालू आहे. ज्या मोबाइलवर हे खेळ खेळतात, त्यांच्या विजेऱ्यांत बहुधा काही ग्रॅम कोबाल्ट असते. जगातले निम्म्याहून अधिक कोबाल्ट आज आफ्रिकेतल्या कांगो लोकशाही प्रजासत्ताकातून येते. त्यातले बरेचसे मोठ्या यंत्रांनी खणतात, पण काही भाग माणसे कुदळ-फावड्याने काढतात आणि त्यांच्यात मुलेही असतात. तिथल्या खाणींजवळ राहणाऱ्यांच्या लघवीत कोबाल्टचे प्रमाण फार जास्त आढळले आहे. आग्रिकोलाने सांगितलेले हातमोजे आणि तोंडावरचे कापड त्यांच्यापैकी अनेकांजवळ नसते.