म्हाताऱ्या मांजरीची कोरडी आंघोळ

बारा-तेरा वर्षांच्या मांजरीचे सांधे आखडतात, जीभ पाठीपर्यंत पोचत नाही आणि केसांच्या गुठळ्या होतात. अशा मांजरीला थंडीत भिजवू नये. तोंड सांभाळून चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळावं, मऊ ब्रशने झाडून काढावं. गुठळीला कात्री नकोच, म्हातारी कातडी पातळ असते. फिनाईल तर लांबच ठेवा: अंगाला लागलेलं सगळं मांजर चाटून पोटात घेते, आणि फिनॉल निकामी करण्यात तिचं यकृत दुबळं. शेतातल्या कीटकनाशकांपासूनही जपा: २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावरच्या फवारणीने शेतकऱ्यांना विषबाधा झाली, कित्येक दगावले. फवारणीच्या कपड्यांवर मांजर लोळली, तर ब्रशचं काम नाही. थेट पशुवैद्यकाकडे न्या. एकाएकी चाटणंच सोडलं, तर दात आणि मूत्रपिंडंही तपासून घ्या.