भिंती उभ्या राहिल्या, आवाजाचं काय?

८ ऑगस्ट २०२४ची रात्र कोल्हापूरकर विसरणार नाहीत. दुसऱ्या दिवशी गायक नट केशवराव भोसले यांची जयंती आणि आदल्या रात्री त्यांच्याच नावाचं नाट्यगृह पेटलेलं. छत कोसळलं, रंगमंच आणि खुर्च्या जळाल्या. दगडी भिंती तेवढ्या उरल्या. तेव्हापासून प्रत्येक पुढारी एकच आश्वासन देतो : होतं तसंच उभारू.

होतं तसं म्हणजे कधीचं? १९१५ साली शाहू महाराजांनी बांधलेल्या ‘पॅलेस थिएटर’चं, की पुढच्या शंभर वर्षांत डागडुजी आणि नूतनीकरण होत होत जे झालं त्याचं?

१९०२च्या युरोप दौऱ्यात महाराजांनी तिकडची नाट्यगृहं आणि रोमचं कलोसियम पाहिलं आणि परतल्यावर खासबागेचं कुस्ती मैदान व हे थिएटर एकमेकांना लागून उभं केलं, असं सांगतात. अलीकडे नाट्यपद, पलीकडे शड्डू. दोन्हींना एकाच राजाचा आश्रय होता. आग लागली तेव्हा मैदानाकडचा मंचही वाचला नाही. त्यामुळे एकट्या नाट्यगृहाचा आराखडा करणं म्हणजे अर्धंच काम.

पण माझा खरा आग्रह आवाजाचा आहे. ‘ललितकलादर्श’ नाटक मंडळीचे केशवराव माइक नसलेल्या काळात गायले. १९२१च्या ‘संयुक्त मानापमान’मध्ये बालगंधर्वांसमोर त्यांचा धैर्यधर उभा राहिला तो निव्वळ गळ्याच्या जोरावर. त्याच वर्षी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते गेले. असा गळा शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायचं निम्मं काम वास्तू करते. मोकळ्या दगडी भिंतीवर आदळून आवाज घुमतो आणि शब्द एकमेकांत मिसळतात. उलट जाड गालिचे, गुबगुबीत खुर्च्या आणि मखमली पडदे आवाज इतका पितात की तान सुटताच विरते. संवाद स्पष्ट हवा आणि सूर थोडा रेंगाळायला हवा. हा तोल छताची उंची, लाकूडकाम आणि आसनांचा उतार मिळून साधतात. त्यात वातानुकूलन यंत्राची घरघर शिरली की कुजबुजीचा प्रवेश संपलाच.

अग्निसुरक्षेत तडजोड नको. तिथे १९१५ची नक्कल कुणी मागू नये. मात्र दर्शनी भाग हुबेहूब उभारून आत कुठल्याही शहरात शोभेल असं सभागृह बसवणार असाल, तर ‘पॅलेस थिएटर’ परत आणल्याचा दावा करू नका. काम स्वीकारण्याआधी एका गायक नटाला माइकविना पद म्हणू द्या आणि अभियंत्यांना शेवटच्या रांगेत बसवा. उद्घाटनाची भाषणंही माइकविनाच व्हावीत. निदान ती आटोपशीर होतील.