रॉकस्टेडी

रॉकस्टेडी हा १९६६ च्या सुमारास जमैका या कॅरिबियन बेटावर उदयास आलेला लोकप्रिय संगीतप्रकार आहे. त्यापूर्वीचे जलद स्का संगीत आणि त्यानंतरचे जगप्रसिद्ध रेगे यांना जोडणारा दुवा म्हणून तो ओळखला जातो. त्याचा बहराचा काळ जेमतेम दोन वर्षांचा होता. तथापि त्या काळातील चाली व वाद्यसाथी पुढे अनेक दशके पुन्हा पुन्हा वापरल्या गेल्या. परिणामी यातील काही गीते जगभर परिचित झाली, परंतु त्यांचे मूळ गायक व रचनाकार मागे पडले.

उगम

६ ऑगस्ट १९६२ रोजी जमैका ब्रिटिश सत्तेपासून स्वतंत्र झाला. त्या काळी राजधानी किंगस्टनमध्ये 'साउंड सिस्टिम', म्हणजे मोठे ध्वनिवर्धक लावून भरवलेले नृत्याचे सार्वजनिक कार्यक्रम, हे संगीतप्रसाराचे प्रमुख साधन होते. ड्यूक रीड आणि कॉक्सन डॉड हे साउंड सिस्टिमचे चालक पुढे ध्वनिमुद्रिकांचे निर्माते बनले. होपटन लुईस यांचे 'टेक इट ईझी' (१९६६) हे या प्रकारातील आरंभीचे गीत मानले जाते. 'रॉकस्टेडी' हे नाव ऑल्टन एलिस यांच्या त्याच शीर्षकाच्या गीतामुळे रूढ झाले. १९६६ च्या कडक उन्हाळ्यात नर्तकांना स्काची जलद लय झेपेना, म्हणून ती मंदावली, अशी आख्यायिकाही सांगितली जाते.

सांगीतिक वैशिष्ट्ये

रॉकस्टेडीत लय संथ होते आणि स्कामधील पितळी सुषिर वाद्यांचे प्राबल्य कमी होते. त्यांची जागा बेस गिटार घेते. तिची स्वरावली अखंड न वाहता मध्ये विराम घेत चालते. चार मात्रांच्या आवर्तनात गिटार किंवा पियानोचा तुटक आघात दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर येतो, तर ड्रमचा मुख्य आघात तिसऱ्या मात्रेवर पडतो. समेवर जोर ऐकण्याची सवय असलेल्या श्रोत्यास ही रचना प्रथम उलटी वाटू शकते. त्रिनिदादहून आलेले गिटारवादक लिन टेट यांचा ही शैली घडवण्यात मोठा वाटा होता.

सोल संगीताशी नाते

अमेरिकेच्या दक्षिण भागातील रेडिओ केंद्रे जमैकात ऐकू येत असत. त्यांवरील सोल संगीताचा, विशेषतः कर्टिस मेफिल्ड यांच्या 'द इम्प्रेशन्स' या समूहाचा, रॉकस्टेडीवर खोल ठसा उमटला. तिघांनी मिळून सुसंवादी स्वरांत गाण्याची पद्धत जमैकातील गायकांनी आपलीशी केली. 'द टेक्निक्स' यांचे 'क्वीन मॅजेस्टी' हे इम्प्रेशन्सच्या एका गीतावर बेतलेले आहे.

उल्लेखनीय गीते

• 'द टाइड इज हाय' (१९६७) : रचना जॉन होल्ट, गायन 'द पॅरागन्स'. 'ब्लॉन्डी' या अमेरिकी समूहाने १९८० मध्ये ते पुन्हा गायले आणि ते अमेरिका व ब्रिटनमध्ये प्रथम क्रमांकावर पोहोचले.
• 'आय'म स्टिल इन लव्ह विथ यू' (१९६७) : गायक ऑल्टन एलिस. याच्याच वाद्यसाथीच्या पुनर्निर्मित रूपावर आल्थिया व डॉना यांचे 'अपटाउन टॉप रँकिंग' उभे आहे. तेही ब्रिटनमध्ये प्रथम क्रमांकावर गेले.
• 'यू डोन्ट लव्ह मी' (१९६७) : गायिका डॉन पेन. मूळ आधार विली कॉब्ज यांचे अमेरिकी ब्लूज गीत. पेन यांनी १९९४ मध्ये ते नव्याने गाऊन ब्रिटनमध्ये यश मिळवले.

श्रेय व मोबदला

जमैकात एकच वाद्यसाथ अनेक गीतांसाठी वापरण्याची प्रथा आहे. अशा साथीस 'रिडिम' म्हणतात. या प्रथेमुळे जुने संगीत जिवंत राहिले, पण श्रेयाचा प्रश्नही निर्माण झाला. वादकांना बहुधा ध्वनिमुद्रणापुरते एकरकमी मानधन मिळे आणि मुद्रिकेवरील हक्क निर्मात्याकडे राहत. जमैकाचा स्वतःचा आधुनिक स्वामित्वहक्क कायदा १९९३ मध्ये आला. तोपर्यंत ब्रिटिशांचा १९११ चा कायदा लागू होता. उसनवारी मात्र एकतर्फी नव्हती, कारण जमैकातील गायकांनीही अमेरिकी गीते मुक्तपणे घेतली होती.

वारसा

१९६८ च्या सुमारास रॉकस्टेडीतून रेगेचा उदय झाला. त्या पिढीतील कलावंतांना पुन्हा एकत्र आणणारा 'रॉकस्टेडी : द रूट्स ऑफ रेगे' हा माहितीपट २००९ मध्ये प्रदर्शित झाला. २०१८ मध्ये युनेस्कोने जमैकाच्या रेगे संगीताचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.