एका पायाने मागितलेली वर्गणी

दानाचे प्रकार आपल्या पूर्वजांनी पुष्कळ सांगून ठेवले आहेत. अन्नदान, वस्त्रदान, विद्यादान हे जुने. भूदान आणि श्रमदान ही विनोबांच्या काळाने घातलेली भर. परंतु रस्त्यावरून धावावे आणि त्या धावण्याचेच दान व्हावे, ही कल्पना आपल्या जुन्या घरांतील वडीलधाऱ्यांना अजूनही काहीशी परकी वाटते. २००४ साली मुंबईत मोठी मॅरेथॉन शर्यत सुरू झाली, तेव्हापासून कोणाची नात, कोणाचा भाचा एखाद्या संस्थेसाठी धावतो आणि आप्तेष्टांकडे वर्गणी मागतो. तेव्हा आजोबा साहजिकच विचारतात, ‘‘पैसे द्यायचे तर सरळ देऊ, त्यासाठी धावायचे कशाला?’’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र पुस्तकात शोधण्यापेक्षा कॅनडा देशातील एका तरुणाच्या चरित्रात शोधावे, हे बरे.

टेरी फॉक्स हे त्याचे नाव. जन्म १९५८ चा. बास्केटबॉलचा वेडा, अंगाने बेताचा, पण जिद्दीचा. मार्च १९७७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याच्या उजव्या गुडघ्यात हाडाचा कर्करोग निघाला आणि गुडघ्याच्या वर सुमारे १५ सेंटिमीटरवर त्याचा पाय कापावा लागला. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री त्याच्या शाळेतील खेळाच्या शिक्षकांनी त्याला एक लेख आणून दिला. कृत्रिम पायाने न्यूयॉर्कची मॅरेथॉन पुरी करणाऱ्या एका गृहस्थाची ती हकिगत होती. बी तेथे पडले.

त्यानंतर सोळा महिने औषधोपचार चालले. त्या काळात दोन गोष्टी त्याच्या मनावर कोरल्या गेल्या. एक म्हणजे रुग्णालयात शेजारच्या खाटांवर विव्हळणारी लहान मुले. दुसरी एका आकड्याची. जगण्याची आशा शेकडा ५० आहे, असे त्याला सांगण्यात आले. आणि दोनच वर्षांपूर्वी हाच आकडा शेकडा १५ होता, हेही त्याला कळले. मधल्या दोन वर्षांत कोणीतरी प्रयोगशाळेत खपले, कोणीतरी त्याला पैसा पुरविला, म्हणून आपण उठून बसलो, ही जाणीव त्या मुलाला झाली. आपण देवाचे आभार मानतो, वैद्याचे मानतो. संशोधनाचे ऋण मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ते फेडण्यासाठी सबंध देश धावत ओलांडायचा आणि कर्करोगाच्या संशोधनासाठी पैसा उभा करायचा, असे त्याने ठरविले.

१९७९ साली प्रिन्स जॉर्ज येथील एका शर्यतीत तो धावला आणि सर्वांत शेवटी आला. तेवढ्याने त्याला पुरेसा धीर आला! १२ एप्रिल १९८० रोजी पूर्वेकडील न्यूफाउंडलंड बेटावर, सेंट जॉन्स येथे, त्याने कृत्रिम पाय अटलांटिक महासागरात बुडविला आणि धावण्यास आरंभ केला. मागे एक मित्र गाडी हाकीत असे. त्या काळचा कृत्रिम पाय चालण्यासाठी घडविलेला, धावण्यासाठी नव्हे. त्यातील स्प्रिंग पूर्ववत होण्यास वेळ लागे; म्हणून धडक्या पायावर एक जादा उडी घेऊन मग कृत्रिम पाय पुढे टाकावा, अशी त्याची लंगडती चाल होती. खुंटाला जखमा होत, रक्त येई. तरी दिवसाला सुमारे ४२ किलोमीटर! आळंदी ते पंढरपूर हे सुमारे २५० किलोमीटरचे अंतर हा सहा दिवसांत तोडीत असे.

आरंभी दाद कोणी फारशी दिली नाही. पुढे सुमारे १०,००० वस्तीच्या पोर्त ओ बास्क या गावाने १०,००० डॉलरहून अधिक रक्कम त्याच्या हाती ठेवली; म्हणजे माणशी एक डॉलर. अखेर देशातील प्रत्येक माणसामागे एक डॉलर, हाच त्याचा संकल्प ठरला. क्यूबेक प्रांतात भाषा निराळी, तेथे तो जवळजवळ अनोळखीच राहिला. ओंटारिओत मात्र लोक रस्त्याच्या दुतर्फा उभे राहू लागले. आपल्या नावावर माल खपविण्यास त्याने नकार दिला. हिंगण्याच्या अनाथ बालिकाश्रमासाठी पायपीट करून पै-पैसा जमविणारे धोंडो केशव कर्वे ज्यांना आठवतात, त्यांना या मुलाची जात ओळखू येईल.

आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. हा तरुण अर्ध्या चड्डीत, कृत्रिम पाय उघडा ठेवून धावे, आणि मुलांनी पायाविषयी विचारले की मोकळेपणाने सांगे. ज्या रोगाचे नाव घराघरांत दबल्या आवाजात घेतले जाई, तो त्याने भर रस्त्यात आणला. मुंबईत टाटा रुग्णालय १९४१ साली उघडले, तरी आपल्या घरांतील किती स्त्रिया अंगावरची गाठ लाजेपोटी महिनोन् महिने लपवीत राहिल्या! चेक लिहून ही लाज जात नाही. कोणीतरी समोर यावे लागते.

१ सप्टेंबर १९८० रोजी, १४३ दिवस व ५,३७३ किलोमीटर झाल्यावर, थंडर बे शहराजवळ तो खोकल्याने व छातीतील वेदनेने थांबला. रोग फुप्फुसांत पोहोचला होता. मधल्या काळात तपासण्यांकडे त्याने दुर्लक्ष केले होते, हेही नमूद केले पाहिजे. त्याच्या धैर्याचे अनुकरण करणाऱ्यांनी एवढे मात्र अनुकरू नये. फेब्रुवारी १९८१ पर्यंत निधी २ कोटी ४१ लाख डॉलरवर गेला. देशाची लोकसंख्याही तेवढीच होती. संकल्प पुरा झालेला त्याने पाहिला. आणि २८ जून १९८१ रोजी, तेविसावे वर्ष पुरे होण्यास महिना उरला असता, तो गेला.

कर्करोगाने स्वतःचा मुलगा गमावलेल्या एका हॉटेलमालकाने, इसाडोर शार्प यांनी, दरवर्षी त्याच्या नावाने दौड भरविण्याची कल्पना पुढे मांडली. पहिल्याच वर्षी, सप्टेंबर १९८१ मध्ये, तीन लाख लोक आले. या दौडीत पहिला-दुसरा नंबर नसतो. धावा, चाला, चाकांच्या खुर्चीतून या. मुंबईतही ती झाली आहे. आजवर तिच्यातून कोट्यवधी डॉलर संशोधनाकडे गेले. टेरीला जो रोग झाला, त्या रोगात आज बहुतेकांचा पाय वाचविता येतो.

दुखण्यातून उठलेल्या माणसाने धावलेच पाहिजे असे नाही. डॉक्टरांना विचारून गल्लीच्या टोकापर्यंत चालावे, हेही पुष्कळ. परंतु ज्या ज्ञानामुळे आपण चालू शकलो, त्या ज्ञानाच्या झोळीत मागून येणाऱ्यासाठी एक रुपया टाकावा. शेकडा १५ चे शेकडा ५० झाले, ते अशाच कोणा अनोळखी माणसांच्या रुपयांनी.