एक इंच पावसाचा हिशेब

एक एकर रानावर एक इंच पाऊस झाला तर पाणी किती पडलं? गणित शाळकरी आहे. एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर, इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. गुणाकार केला की उत्तर येतं १ लाख लिटरच्या थोडं वर. आता दुसरं गणित. जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलं आहे. त्या हिशेबाने पाच माणसांच्या घराला वर्षाला लागतं तेही साधारण १ लाख लिटर. म्हणजे आपल्याच एका एकरावर पडलेल्या एका चांगल्या पावसात घराचं वर्ष निघायला हवं.

सोलापूर जिल्ह्यात वर्षाला असे वीस-बावीस इंच पडतात. कोकणवाल्याला ते हसू येण्याइतके कमी वाटतील, पण घरच्या पाण्याच्या वीसपट आहेत. तरीही एप्रिल उजाडला की माळशिरसपासून अक्कलकोटपर्यंत कुठल्या ना कुठल्या गावात टँकरची वाट बघणं सुरू होतं. पाऊस लहरी आहे हे खरं. जून-जुलैत हुलकावण्या देतो, सप्टेंबरात एकदम कोसळतो. पण त्याच्या लहरीपेक्षा मोठा प्रश्न असा, की आलेला पाऊस ठेवायचा कुठे? समुचित तंत्रज्ञान, म्हणजे तिथल्या गरजेला आणि साधनांना साजेसं तंत्रज्ञान, म्हटलं की निर्धूर चूल आणि सौर कंदील डोळ्यांपुढे येतात. सोलापुरात मात्र हे तंत्रज्ञान गेली नव्वद वर्षं याच प्रश्नाभोवती फिरत आलं आहे.

सगळ्यात जुनं उत्तर आहे मातीत. १९३३ साली इंग्रज सरकारने देशात कोरडवाहू शेतीच्या संशोधनासाठी मोजकी केंद्रं काढली, त्यातलं एक सोलापूरला. रावबहादूर ना. वि. कानिटकरांचं नाव या कामाशी जोडलेलं आहे. १९७० मध्ये कोरडवाहू शेतीचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला तेव्हाही सोलापूर त्यात होतंच. आज हे केंद्र राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे. शहरातल्या किती जणांना ते कुठे आहे हे सांगता येईल याची शंका आहे, पण जिल्ह्याच्या ताटातल्या भाकरीत त्याचा वाटा मोठा आहे.

इथली काळी माती हीच टाकी, हा त्या संशोधनाचा पाया. भारी काळ्या मातीचा मीटरभर थर पिकाला घेता येईल असं दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी धरून ठेवतो. म्हणून जुन्या शेतकऱ्याने खरिपात रान मोकळं ठेवलं, सगळा पावसाळा जमिनीत मुरू दिला आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ज्वारी पेरली. पेरल्यावर पाऊस नसला तरी चालतं, पीक खालची ओल पीत वर येतं. मंगळवेढ्याचं ज्वारीचं कोठार उभं राहिलं ते याच ओलीवर. दुष्काळात दामाजीपंतांनी उघडलेल्या कोठारांची कथा सगळ्यांना पाठ असते, ती भरली कशी हे कोणी विचारत नाही. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मालदांडी ३५-१ हा वाण गेल्या शतकाच्या पूर्वार्धात मोहोळच्या केंद्रावर स्थानिक ज्वारीतून निवडलेला. त्यानंतर फुले वसुधा, फुले सुचित्रा, फुले अनुराधा असे वाण जमिनीच्या खोलीप्रमाणे आले: भारी रानाला एक, मध्यम रानाला दुसरा, हलक्या रानाला तिसरा. आधी टाकी किती खोल आहे ते बघा, मग पीक ठरवा, असा हा शिरस्ता.

टाकी भरायची कशी? पावसाळ्याआधी सारा यंत्राने रानात चौकोनी वाफे पाडायचे, म्हणजे पडलेला थेंब जागच्या जागी थांबतो. आणि भरलेली टाकी राखायची कशी? इथे कोळप्याचं काम सुरू होतं, आणि या साध्या अवजारात किती भौतिकशास्त्र भरलं आहे ते बघण्यासारखं आहे. पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात फटीचं कोळपं चालवायचं, पाचव्या आठवड्यात पासेचं, आठव्यात दातेरी. तण निघतं हा वरचा फायदा. खरा फायदा मातीच्या केशनळ्या तुटण्याचा. मातीच्या कणांमधल्या बारीक पोकळ्यांतून खालचं पाणी दिव्याच्या वातीतल्या तेलासारखं वर चढतं आणि उन्हात उडून जातं. वरचा दोन-तीन बोटं थर मोकळा भुसभुशीत केला की ही वाट तुटते. वर कोरडी माती, खाली ओल. आठव्या आठवड्यात तर काळ्या रानाला भेगा पडायला लागलेल्या असतात, कारण त्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकताना आक्रसते. भेग म्हणजे हवेला थेट आतल्या ओलीपर्यंत उघडलेलं दार. दातेरी कोळपं मोकळी माती त्या भेगांत लोटतं आणि दार बंद करतं. वीज नाही, डिझेल नाही, सुटा भाग मोडला तर गावातला लोहार आहे.

सगळं काही पहिल्या फटक्यात जमलं असंही नाही. १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा कायद्यानंतर आणि त्या सुमाराच्या दुष्काळी कामांतून समपातळी बांध मोठ्या प्रमाणात घातले गेले. हलक्या-मध्यम रानात ते चांगले ठरले. भारी काळ्या रानात मात्र पाणी लवकर मुरेना, बांधामागे साचून पीक पिवळं पडू लागलं, मोठ्या पावसात बांध फुटू लागले. मग अशा जमिनीसाठी जादा पाणी हळूच बाहेर काढणारे ढाळीचे बांध सुचवले गेले. बांध तोच, तालुका तोच, पण शेजारच्या रानात अपायकारक. ‘समुचित’ हा शब्द माती बघितल्याशिवाय वापरू नये, इतकं सोलापूरने तेव्हाच दाखवून दिलं होतं.

दुसरं उत्तर तळ्यात. ते सोलापूरला नवं नाही. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात तलाव बांधून घेतला, त्याच्याभोवतीच शहर वाढलं. एकोणिसाव्या शतकात हिप्परग्याचा एकरुख तलाव झाला. पण हे गावाचे, सरकारचे तलाव. शेतकऱ्याने स्वतःच्या रानात स्वतःच्या पावसाचं खातं उघडावं, ही कल्पना मोहोळ तालुक्यातल्या अंकोलीत अरुण देशपांडे यांनी ‘वॉटर बँक’ या नावाने मांडली. तिथे त्यांनी विज्ञानग्राम उभं केलं आणि शहर-खेड्याचा मेळ घालणाऱ्या ‘रूर्बन’ जगण्याचा आग्रह धरला. बँक हे नाव नेमकं आहे. पैसे ठेवायचे तर तिजोरीला भोक नको आणि रोज कोणी चिमूटभर चोरून नेता कामा नये. पाण्याच्या बाबतीत भोक म्हणजे झिरपणं आणि चोर म्हणजे ऊन.

झिरपणं रोखायला तळाशी अस्तर घालता येतं. ऊन अवघड. मे महिन्यात सोलापुरात उघड्या तळ्यावरून दिवसाला साधारण आठ मिलिमीटर पाणी उडतं. ऐकायला किरकोळ आहे, पण एकरभर तळ्यावर ते होतं बत्तीस हजार लिटर, म्हणजे दहा हजारी तीन टँकर, रोज. ऑक्टोबर ते मे धरले तर सव्वा मीटरच्या आसपास थर हवेत जातो. आता १ कोटी लिटरचं तळं घेऊ. दोन मीटर खोल केलं तर त्याचं तोंड पाच हजार चौरस मीटरचं होईल आणि उन्हाळा संपेपर्यंत साठ लाखांहून जास्त लिटर उडेल. तेच तळं पाच मीटर खोल केलं तर तोंड दोन हजार चौरस मीटर, आणि तोटा पंचवीस लाखांवर थांबतो. (उभ्या भिंतींचं आणि शेवटपर्यंत पाणी असलेलं तळं धरलं आहे. प्रत्यक्षात काठ उतरते असतात, पण फरकाची जात हीच.) बाष्पीभवन तळ्याची खोली बघत नाही, फक्त तोंड बघतं. पाण्यावर सिटाइल अल्कोहोलचा एका रेणूइतका पातळ थर पसरून ते रोखण्याचे प्रयोग जगात बरेच झाले. प्रयोगशाळेत थर छान टिकतो, माळावरचा वारा मात्र त्याला काठाशी ढकलून देतो. सावलीची जाळी, काठावरची झाडं आणि मुळात अरुंद-खोल खड्डा हेच टिकाऊ इलाज.

तिसरं उत्तर पानात आहे, आणि मला ते सगळ्यात विलक्षण वाटतं. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर शिक्षणाने गणिती, गारगोटीच्या मौनी विद्यापीठात शिकवलेले. त्यांनी शेतकऱ्यांचा ‘प्रयोग परिवार’ उभा केला. ना इमारत, ना पदाधिकाऱ्यांची उतरंड. एकाने काही करून बघायचं, मोजायचं, दुसऱ्याला पत्राने कळवायचं, दुसऱ्याने ते आपल्या रानात तपासायचं. द्राक्षबागायतदार या जाळ्यात पुढे होते. १९८५ मध्ये दाभोलकरांना ग्रामीण विकासातल्या विज्ञानाच्या वापरासाठीचा जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. पाच जणांच्या कुटुंबाला दहा गुंठे जमीन आणि दिवसाला हजार लिटर पाणी पुरतं, हा त्यांचा दावा अनेकांना तेव्हाही अतिशयोक्त वाटला, आजही वाटतो. बाजारभाव, आजारपण आणि मुलांच्या फिया दहा गुंठ्यांत बसवणं कठीण आहे, हे मान्यच करायला हवं. पण त्यामागचं गणित भक्कम आहे. झाड मुळांतून जितकं पाणी ओढतं त्यातले शंभरात सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव भाग पानांच्या रंध्रांतून उडून जातात. रंध्रं उघडली नाहीत तर कार्बन डायऑक्साइड आत येत नाही, उघडली की पाणी बाहेर पडतं. हा सौदा टळत नाही. प्रश्न इतकाच की त्या बदल्यात साखर किती बनली. उन्हात असलेलं पान कमावतं, सावलीत दडलेलं बसून खातं. म्हणून छाटणी करताना प्रत्येक पानाला ऊन मिळेल असं बघायचं, आणि पाणी द्यायचं ते जिथे पांढरी मुळी आहे तिथेच, पालापाचोळ्याच्या आच्छादनाखाली.

शेतकरी स्वतः बघतो-मोजतो तेव्हा काय होतं याचा सोलापुरातला पुरावा उत्तर सोलापूर तालुक्यातल्या नान्नजचा. नानासाहेब काळे यांनी आपल्या बागेत थॉमसन सीडलेस द्राक्षातून वेगळ्या लांबोळ्या मण्यांची वेल हेरली, वाढवली आणि वाणाला नाव दिलं ‘सोनाका’: सोलापूर, नान्नज, काळे. काळ्या द्राक्षाचा शरद सीडलेसही त्यांचाच. ही निवड विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर नाही, बागायतदाराच्या नजरेत झाली.

आता अडचणीचा भाग. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि जिल्ह्यात तळी झाली. डाळिंबाच्या, द्राक्षाच्या पट्ट्यातून जाताना ती दिसतात: काळं प्लास्टिक, कडेला तारेचं कुंपण, चुकून कोणी घसरलं तर धरायला आत सोडलेला दोर. बघायला अंकोलीच्या कल्पनेचीच लेकरं. पण यातली बरीच तळी पावसाने भरत नाहीत, बोअरने भरतात. अस्तर घातलेल्या उंच काठाच्या तळ्यात रानातलं वाहतं पाणी शिरणारच कसं? म्हणजे बेसॉल्टच्या भेगांत, जिथे सूर्य पोचत नाही तिथे, सगळ्या शिवाराच्या मालकीचं असलेलं पाणी वर ओढायचं आणि मे महिन्याच्या उन्हाखाली पसरून ठेवायचं. बाग जगवायची निकड मोठी असते, कर्ज डोक्यावर असतं, हे खरं. तरी हिशेब उलटाच होतो. ज्याची मोटर खोल त्याचं खातं भरतं, शेजाऱ्याचं आटतं.

आणि खात्यातून काढायचं कशासाठी? ज्वारी पोटरीत येताना पाच सेंटिमीटरचं एक संरक्षित पाणी द्यायला एकरी दोन लाख लिटर लागतं. मघाचं पाच मीटरचं तळं बाष्पीभवन वजा जाता पंचाहत्तर लाख लिटर देईल, त्यात सदतीस एकर ज्वारी एकेकदा भिजेल. उसाला वर्षाला दोन हजार मिलिमीटर पाणी धरलं तर एका एकराला ऐंशी लाख लिटर लागतं. सबंध तळं रिकामं केलं तरी एक एकर पुरा होत नाही. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत सोलापूरचं नाव वर आहे, आणि हा ऊस उजनी धरणावर आणि बोअरवर उभा आहे. ठिबकने त्यातलं बरंच वाचतं, पण वाचलेल्या पाण्यावर पुन्हा ऊसच लावला तर जमाखर्च तिथल्या तिथेच.

पाण्याला नियम लावता येतात हे महाराष्ट्राने दाखवलं आहे. ७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावातून पाणी पंचायत सुरू केली. तिथे पाणी जमिनीवर नाही, माणसांवर वाटलं: माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, कुटुंबाला फार तर अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस बंद. हिवरे बाजारमध्ये पोपटराव पवार आणि गावकरी दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवतात. या दोन्हीत नवं यंत्र एकही नाही. म्हणूनच ते सगळ्यात अवघड.

ज्यांच्या रानात तळं आहे त्यांना यंदाच्या उन्हाळ्यात एक मोजमाप करता येईल. तळ्यात एक खुणांची पट्टी उभी रोवा. काठाजवळ एक पसरट घमेलं पाण्याने भरून ठेवा, त्यातही पट्टी. मोटर बंद असेल अशा दोन दिवसांत दोन्हीकडची पातळी किती उतरली ते लिहून काढा. घमेल्यातलं पाणी तळ्यापेक्षा थोडं जास्तच उडतं, म्हणून घमेल्याच्या आकड्याचा पाऊण हिस्सा म्हणजे तळ्याचं बाष्पीभवन धरायला हरकत नाही. तळ्याची पातळी त्याहून जास्त उतरली असेल तर अस्तर कुठेतरी फाटलं आहे, आणि पावसाळ्याआधी ते शोधायला अजून वेळ आहे.